जपानी वाडग्यातला गहू



जपान म्हटले की आपल्याला भात आठवतो. जपानी पद्धतीची भातलागवड तर १९५० नंतरच्या दशकात आपल्याकडे गावोगावी शिकवली गेली. आज मात्र मी तुम्हाला तिथल्या गव्हाकडे नेणार आहे, आणि तेही शेतात नव्हे, तर एका मॉलच्या पाचव्या मजल्यावर!

जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचे बेट आहे. त्यावरचे सर्वांत मोठे शहर फुकुओका. या शहराच्या हाकाता भागात १९९६ साली ‘कॅनल सिटी’ नावाचा मॉल उभा राहिला. नावाप्रमाणे त्याच्या मधून कालवा खेळवला आहे, त्यात कारंजी नाचतात आणि दोन्ही बाजूंना दुकानांचे मजले चढत गेले आहेत. पाणी पिकासाठी नाही, नुसते डोळ्यांसाठी. पण बघायला ही गर्दी! पाचव्या मजल्यावर ‘रामेन स्टेडियम’ म्हणून एक भाग आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांत जी रामेन करतात, त्यांची दुकाने तिथे एका रांगेत मांडली आहेत.

रामेन म्हणजे काय? तर गव्हाच्या लांब शेवया आणि गरमागरम रस्सा. मूळ पदार्थ चीनचा. बंदरांतून तो जपानात आला आणि तिथलाच झाला. तुमच्या गावच्या दुकानात मुलांसाठी शेवयांच्या ज्या पुड्या टांगलेल्या असतात, त्यांचे मूळही हेच. १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी झटपट होणारे रामेन जपानात बाजारात आणले आणि तेथून ती पुडी जगभर गेली.

दुकानाच्या दाराशीच एक यंत्र असते. पैसे टाकायचे, चित्राचे बटण दाबायचे, की एसटीच्या तिकिटासारखी चिठ्ठी बाहेर येते. ती आचाऱ्याला दिली की बोलणे संपले. एका वाडग्याला आठशे-नऊशे येन, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास रुपये पडतात. आधीच सांगून ठेवतो, हाकाताचा रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. हाडे तासन्‌तास खळखळ उकळतात, तेव्हा त्यातला मगज आणि चरबी पाण्यात एकजीव होऊन रस्सा दुधासारखा पांढरा होतो. ज्यांना हे वर्ज्य आहे, त्यांनी त्या शहरात विचारूनच बसावे. मला वर्ज्य नाही, म्हणून मी बसलो.

वाडग्यात वर मांसाचे काप, कांद्याची पात, काळी अळंबी, लोणच्यातले तांबडे आले आणि तीळ. रस्सा दाट, खारट आणि ओठांना किंचित चिकटणारा. तिखटाची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट सपक वाटतो, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला चव कळू लागते. शेवया दोन काड्यांनी थोड्या थोड्या उचलायच्या आणि सुर्रकन आवाज करून ओढायच्या. आवाज केला तर कोणी वाईट म्हणत नाही.

खरी मौज शेवयांची आहे. आचारी विचारतो, मऊ हव्यात, बेताच्या की कडक? शेवया संपल्या आणि रस्सा उरला, तर ‘काएदामा’ म्हणायचे. थोड्या पैशांत शेवयांचा दुसरा गोळा त्याच रश्श्यात पडतो. मासळी बाजारातल्या घाईच्या माणसांसाठी ही रीत पडली, असे सांगतात. शेवया बारीक असल्याने चटकन शिजतात. कणीक मळताना त्यात क्षाराचे पाणी घालतात. आपण पापडात पापडखार घालतो त्याच जातीचा हा क्षार. त्याने शेवईला चिवटपणा आणि पिवळसर झाक येते. आपल्या आयाबहिणींना हे शास्त्र वेगळे सांगायला नको!

आता मुद्द्याची गोष्ट. जपान आपल्या गरजेचा बहुतेक गहू अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून आणतो. फुकुओका हा गहू पिकवणारा प्रांत. उत्तरेतल्या होक्काइदोच्या खालोखाल त्याचा नंबर लागतो. भाताच्याच खाचरात हिवाळ्यात गहू पेरायचा, मेअखेरीपासून कापायचा आणि लगेच भात लावायचा. कापणी लांबली तर पावसाने गाठलेच. आपल्याला अवकाळी गाठते तसे. पण तिथला गहू मऊ, ‘उदोन’ नावाच्या जाड शेवयांच्या कामाचा. रामेनला लागतो प्रथिने जास्त असलेला गहू. म्हणजे गाव रामेनचे आणि पीठ परदेशचे!

यावर प्रांताच्या कृषी संशोधकांनी रामेनसाठीच एक वाण काढला. नाव ‘चिकुशी डब्ल्यू-२’. लोक त्याला ‘रा-मुगी’ म्हणतात, म्हणजे रामेनचा गहू. ओंब्या निसवल्यावर नत्राचा एक हप्ता देऊन दाण्यातली प्रथिने वाढवतात. शेतकरी तो वाण पिकवतात आणि त्याच्या शेवया करणारी दुकाने ‘आमच्याकडे रा-मुगी’ असे अभिमानाने सांगतात. शेतकऱ्याचे बियाणे आणि गिऱ्हाइकाचे ताट यांच्यामध्ये असा सरळ रस्ता आहे.

आपले आणि जपानी गव्हाचे नातेही जुने आहे बरे का! गोंजिरो इनाझुका यांनी तयार केलेला ‘नोरिन १०’ हा बुटका वाण १९३५ मध्ये जपानात प्रसारित झाला. महायुद्धानंतर तो अमेरिकेत गेला आणि तेथून मेक्सिकोत बोरलॉग यांच्या हाती आला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. पुढे ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ आले. खताने न लोळणारा आपला गहू त्या जपानी बुटक्याचाच वंशज आहे.

मग शिकायचे काय? आपल्याकडे तर वाण शोधायलाही जावे लागत नाही. शेवया, कुरडया आणि रव्याला बन्सी, खिरीला खपली, पोळीला शरबती, हे आपल्या घराघरांत ठाऊक होते. निफाडच्या संशोधन केंद्राने काढलेला ‘गोदावरी’ हा बन्सी जातीचा वाण शेवयांना चांगला आहे. तरी बाजारात नेताना आपण सारे ‘गहू’ या एकाच नावाने ओततो, आणि भावही एकाच ढिगाचा घेऊन येतो.

येत्या रब्बीत पेरणीपूर्वी घरच्या बाईमाणसांना विचारा, कोणत्या गव्हाची शेवई तुटत नाही? काही गुंठे तरी तो गहू वेगळा पेरा, वेगळा मळा, वेगळा ठेवा. गावात बचत गट शेवया करीत असेल, तर पुडीवर वाणाचे आणि गावाचे नाव लिहायला सांगा. दाण्याला नाव मिळाले, म्हणजे भाव मागायला तोंड राहते.