दर शेवटी विचारा: नारायणगंज ते चट्टग्राम

बांगलादेशातून ठोकात कपडा मागवायचा म्हटले की व्यापाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न दराचा येतो. नारायणगंज, सावर, चट्टग्राम या वाटेने जाताना माझे मत पक्के होत गेले की दर शेवटी विचारावा. माल कोणत्या इमारतीत शिवला जाणार आणि त्यासाठी कारखान्याला किती दिवस मिळणार, हे आधी ठरले पाहिजे. दर त्यावर अवलंबून असतो, आणि शिवणाऱ्यांचा जीवही.

शीतलक्ष्या नदीकाठच्या नारायणगंजात हा हिशेब उघड दिसतो. टानबाजारात सुताची ठोक विक्री चालते. आसपासच्या पट्ट्यात होजिअरीची विणाई, रंगाई आणि शिलाई. बांगलादेशात कापूस फार थोडा पिकतो. कापूस आणि सूत बाहेरून येते, त्यात भारताचा वाटा मोठा आहे. आपल्या पसंतीचा रंग, आपले माप, आपले लेबल हवे म्हटले की कारखाना किमान ऑर्डरचा आकडा सांगतो. ती अडवणूक नसते. रंगाईचे यंत्र अर्धे भरले तरी वेळ तेवढाच लागतो आणि खर्च फारसा कमी होत नाही. शिलाईच्या लाइनवर नवा नमुना आला की कारागिरांचा हात बसायला वेळ जातो; लहान ऑर्डर हात बसेपर्यंत संपते. म्हणून थोडा माल, खास नमुना, पडता दर आणि लवकर पोच असे सगळेच एकदम मागितले, तर त्यातली तूट कोणाला तरी सोसावी लागते. मग उपकंत्राटाची वाट निघते: ऑर्डर एक कारखाना घेतो, शिवतो दुसराच.

ती तूट कुठवर पोचते हे सावरने दाखवले. २४ एप्रिल २०१३ रोजी तिथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. आदल्याच दिवशी इमारतीला तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकाने बंद राहिली; वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. दोष मालकांचा होताच. पण तारीख चुकली तर दंड किंवा ऑर्डर रद्द, ही टांगती तलवार खरेदीदार ठेवतो. त्याच वर्षी अनेक परदेशी ब्रँडांनी कामगार संघटनांशी इमारत व अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार केला आणि कारखान्यांची तपासणी सुरू झाली. खरेदीदाराने मनावर घेतले की इमारती सुधारतात, हे त्यातून सिद्ध झाले.

लहान व्यापारी विचारेल, पाचशे नगांची ऑर्डर देणाऱ्याचे ऐकतो कोण? पण मोठे कारखाने त्याला दारात घेत नाहीत, म्हणूनच त्याचा माल अनोळखी गाळ्यात शिवला जाण्याचा धोका अधिक. तो तयार रंगाच्या कापडातून निवड करू शकतो, दोन-चार दुकानदारांसोबत एकत्र ऑर्डर काढू शकतो, लेखी परवानगीशिवाय उपकंत्राट नको अशी अट घालू शकतो. दुसरा आक्षेप असा की खर्च वाढला तर ऑर्डरी दुसऱ्या देशात जातील आणि गरिबांचाच रोजगार बुडेल. तिथले किमान मासिक वेतन २०१३मध्ये ५,३०० टाका, २०१८मध्ये ८,००० आणि २०२३मध्ये १२,५०० झाले. या दशकात कपड्यांची निर्यात घटली नाही, वाढली.

चट्टग्रामला दिवसांचा हिशेब पुरा होतो. कर्णफुली नदीतल्या या बंदरात फार मोठी जहाजे शिरत नाहीत. दूरदेशीचा बराच माल लहान जहाजांनी कोलंबो किंवा सिंगापूरला जाऊन तिथे मोठ्या जहाजावर चढतो. भारताने मे २०२५मध्ये बांगलादेशी तयार कपड्यांची जमिनीवरून होणारी आयात बंद केली आणि न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली. ट्रकच्या जुन्या हिशेबाने तारीख मागणारा मुंबईचा व्यापारी समुद्रावर जाणारे दिवस कारागिरांच्या रात्रपाळीतून वसूल करतो. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे: ऑर्डर देण्याआधी माल शिवणाऱ्या कारखान्याचा पत्ता लेखी घ्या, इमारतीच्या तपासणीचा अहवाल मागा, जहाजाचे दिवस वेगळे धरा आणि मगच दराची बोलणी करा.