तिची भूक वेगळी

दहावीतल्या लेकीच्या हट्टाखातर घटपर्णीचं संकरित रोप आणलं. हिच्या पानाच्या टोकाला झाकणाचा घट लोंबतो. त्यात बुडालेले कीटक हेच तिचं खत. भारतात हिची एकच जात, मेघालयातली.

कमी पडू देणं मला शिक्षिकेला कुठलं ठाऊक! शेणखत घातलं, रोज बोअरचं पाणी दिलं. पानांच्या कडा करपल्या, घट एकही धरेना.

सासूबाई गॅलरीत येऊन म्हणाल्या, "मळी नीर हाक, साकु!"

बेळगावात पावसाच्या पाण्याला काय तोटा? पुस्तकं उघडली तर त्यांचंच खरं. ही नापीक जमिनीतली; खत आणि क्षार मुळांना सोसत नाहीत. नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे नि पर्लाइट कुंडीत भरलं, पागोळ्यांचं पाणी साठवलं, कुंडी सकाळच्या कोवळ्या उन्हात टांगली. चार महिन्यांनी नव्या पानाच्या टोकाला बोटाएवढा घट फुगला.

त्याच संध्याकाळी लेकीची तिसरी शिकवणी बंद केली. ती काही बोलली नाही. फक्त कितीतरी दिवसांनी आजीजवळ बसून सावकाश जेवली.