थरावर थर

आमच्या कन्येला चित्रकलेच्या परीक्षेसाठी कोलाज करायचे होते. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीची वीण छापलेले मेणकापड चित्रात चिकटवले आणि चौकटीऐवजी भोवती दोर लावला, ही माहिती तिचीच. (त्याच्या घरचे टेबल बहुधा उघडे पडले असावे!)

पहिल्या कच्च्या खर्ड्यात माझे न वाचलेले वर्तमानपत्र गेले. दुसऱ्यात सौ.च्या पैठणीचा काठ. पण मग काठच तेवढा दिसू लागला. बँकेत खाडाखोडीला सही लागते. इथे वर रंग फासला की झाला 'थर'!

तिसऱ्या खर्ड्यात डिंकाखाली वडिलांचे अक्षर दिसले. मी बी.कॉम.ला असतानाचे मनिऑर्डरचे कूपन. 'रु. १५०. जपून वापर.'

"बाबा, खरवडून काढू?"

"राहू दे गं. वरचा रंग तेवढा पातळ लाव."