खाली शून्य आलं की

उजवा खांदा आखडल्यापासून फळ्यावर मी लिहीत नाही; खडू पोरांच्या हातात गेला. मला ते फार जड गेलं, कारण भरलेला फळा ही माझी ऐट होती. बरोबरची चिन्हं एकाखाली एक, शेवटी उत्तराला चौकट. पोरं त्याचे फोटो काढायची आणि मी फोटो काढून होईपर्यंत डस्टर उचलायचो नाही.

कामोठ्यात एम-टूच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सत्रातल्या गणिताच्या, बॅचला एमजीएम कॉलेजची पोरं चालत येतात, बाकीची मानसरोवर स्टेशनला उतरून. बहुतेकांच्या डोक्यावर केटीची, विषय मागे राहण्याची, टांगती तलवार. आता बाकावर बसून त्यांचा हात बघतो. डिफरन्शियल इक्वेशनचा सीएफ, म्हणजे उजवी बाजू शून्य धरून येणारा भाग, झरझर येतो. पीआयला, म्हणजे उजव्या बाजूमुळे येणाऱ्या भागाला, डिफरन्शिएशनच्या खुणेच्या, डीच्या, जागी आकडा घालतात, तोही बिनचूक. मग खाली छेदात शून्य येतं, आणि तिथं हात थबकायला हवा तर तो थबकतच नाही. ‘एक्स बाहेर, खालचं डिफरन्शिएट’ असं पुटपुटत पुढे सरकतो. एका मुलीला विचारलं, “हा एक्स आला कुठून?” ती म्हणाली, “फॉर्म्युल्यातून, सर.”

तेव्हापासून हा एक्स माझी पाठ सोडत नाही. उत्तर समीकरणात घालून दाखवलं, तर ते बरोबर आहे एवढंच कळतं. ई बाहेर काढायच्या शिफ्टिंगनं एका ओळीत सुटतं, पण पोरांच्या वहीत आणखी एक युक्ती जमा होते, बस. शेवटी साधंच गणित घेतो: डी वजा दोन, उजवीकडे ई रेज टू टू एक्स. त्या उजवीकडच्या दोनला किंचित धक्का द्यायचा, दोन अधिक एच करायचं. आता खाली शून्य नाही, एच आहे. एच बारीक होत गेला की उत्तर फुगत जातं. पण ई रेज टू टू एक्स सीएफमध्ये आधीच बसलेलं आहे, त्याची हवी ती पट वजा करायला मोकळीक आहे. एकला एचनं भागून येईल तेवढी पट वजा केली, की उरतो दोन घातांकांतला फरक भागिले एच. ही तर डेरिव्हेटिव्हची व्याख्या. फक्त डिफरन्शिएट करायचं ते एक्सनं नव्हे, त्या दोनच्या जागच्या आकड्यानं. इथं मात्र खडू थांबतो. एक्स स्थिर आणि दोन हलता, हे पोरांच्या पचनी पडत नाही. पडलं, की एक्स आपणहून खाली उतरतो.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वन-शॉट व्हिडिओ हा एक्स दोन सेकंदांत उरकतात. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. वर रेझोनन्सला उदाहरण अमेरिकेतल्या टॅकोमाच्या पुलाचं देतात. १९४० साली तो पूल पडला तो वाऱ्यानं पुलाच्याच हालचालीतून बळ घेत गेल्यामुळे. आपल्या गणितातला ठरावीक तालाचा बाहेरचा झटका तिथं नव्हता. त्यापेक्षा झोका बरा. डी वर्ग अधिक चार, उजवीकडे साइन टू एक्स: उत्तरात कॉस टू एक्सच्या मागे वजा एक्स भागिले चार येतो. झोक्याच्या तालातच ढकललं तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो, तो या एक्समुळे.

डीला बेधडक आकड्यासारखं वागवणारा हेविसाइड तारेच्या कंपनीत कामाला होता. त्याच्या पद्धतीला सिद्धतेचा आधार नाही म्हणून रॉयल सोसायटीनं १८९४ साली त्याचा लेख नाकारला. पण आपली युक्ती कुठं चालते हे त्याच्या हाताला माहीत होतं. आमच्या पोरांच्या हाती नुसती युक्ती आली, आणि तिला दहापैकी दहा मार्क मिळतात. कुंभोजकरांच्या पुस्तकातली गणितं सोडवून सोडवून पास होता येतं. मला त्यावर समाधान मानता येत नाही.

एच शून्याकडे नेल्यावर ती मुलगी फळ्यापाशीच उभी राहिली. “सर, सीएफमध्ये सेम रूट दोनदा आलं की एक्स लावतो, तोही असाच?” तसाच. दोन मुळं वेगळी धरायची आणि जवळ आणायची. ऑयलरनं १७४३ मध्ये उजवीकडे शून्य असलेली ही समीकरणं दोनदा येणाऱ्या मुळांसकट सोडवून छापली होती. मी हे दोन एक्स आजवर एका तासात शेजारी ठेवले नव्हते. आता दोन्ही एकाच दिवशी घेतो, सिलॅबसचा क्रम मोडून, आणि मधल्या ओळी पोरांकडून लिहून घेतो.