उत्तर देण्यापूर्वी

मेनफ्रेमच्या कन्सोलसमोर बसणारा माणूस यंत्र चालवितो अशी बाहेरच्यांची समजूत असते. वस्तुतः यंत्र आपल्या गतीने चालतच असते, आणि त्याच्या चालण्याची जी अखंड कैफियत ओळीमागून ओळ पडद्यावर उमटत राहते, तिच्यातील कोणती ओळ वाचून सोडून द्यावयाची, कोणती मनात ठेवावयाची आणि कोणत्या ओळीला उत्तर द्यावयाचे, याचा निवाडा करणे हेच त्याचे खरे काम होय. मी हे काम पुण्यात बसून, समुद्रापलीकडील एका बँकेच्या यंत्रांवर केले. ती यंत्रे मी डोळ्यांनी कधीच पाहिली नाहीत. त्यांचा स्वभाव, त्यांची दुखणी आणि महिनाअखेरीची त्यांची दमछाक हे सारे मला कळले ते त्यांच्या संदेशांतूनच.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, त्या काळी ऑपरेटरपुढे टंकयंत्रासारखा कन्सोल असे, आणि त्यावरील प्रत्येक ओळ कागदावर राहत असल्यामुळे ऑपरेटर घटकाभर जागेवरून उठला तरी परत येऊन त्याला मागचा वृत्तांत वाचता येई. १९७१ मध्ये ३२७० जातीचे पडदे आले. पडद्यावर ओळी मोजक्याच मावतात, नवी आली की जुनी वर सरकून दृष्टीआड होते. म्हणून ज्या संदेशाची दखल घेतल्यावाचून गत्यंतर नाही, तो तारांकित होऊन, काम पुरे होईपर्यंत पडद्यावर ठाण मांडून बसतो, ही व्यवस्था तेथे अपरिहार्यच म्हणावी लागेल. आजच्या झेड/ओएस या कार्यप्रणालीवरही ती चालू आहे.

प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक खूण असते. पहिली अक्षरे तो कोणत्या खात्यातून आला ते सांगतात, मधले आकडे त्याचा क्रमांक, आणि शेवटचे अक्षर ऑपरेटरकडून काय अपेक्षित आहे ते: 'आय' म्हणजे केवळ माहिती, 'ए' म्हणजे कृती करा, 'ई' म्हणजे सवडीने परंतु अवश्य करा, 'डी' म्हणजे निर्णय कळवा. नवा उमेदवार हे कोष्टक एका दिवसात पाठ करतो आणि त्यावर विसंबून राहतो. येथेच त्याला थांबवावे लागते. कारण 'आयईएफ ४५० आय' ही ओळ पाहा. एखादा जॉब, म्हणजे यंत्राकडे सोपविलेले काम, अर्ध्यावर कोसळला, हे वर्तमान ती देते. त्यापुढे 'एस०सी७' असे लिहिलेले असले, तर जेथे आकडा असावयास हवा तेथे भलतेच काही आल्यामुळे हिशेब थांबला, असा त्याचा अर्थ. खातेदारांच्या व्याजाची आकारणी त्या जॉबमध्ये असेल आणि पहाटेपूर्वी ती पुरी झाली नाही, तर सकाळी बँकेची दारे उघडताना शिल्लक चुकीची दिसेल. तरीही ओळीच्या शेवटी अक्षर 'आय'च. यंत्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण त्याला स्वतःला ऑपरेटरकडून काहीही नको असते, ते पुढच्या जॉबकडे वळलेले असते. यंत्राची निकड आणि बँकेची निकड या दोन निरनिराळ्या गोष्टी असून, दुसरीची नोंद त्या अक्षरात कोठेही नसते; ती ऑपरेटरलाच ठाऊक असावी लागते.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. उत्तराची वाट पाहणारे संदेश 'डी आर,एल' ही आज्ञा दिली की यादीने समोर येतात, आणि आयएमएस ही माहितीसाठा सांभाळणारी प्रणाली ज्या यंत्रावर चालते तेथे तिचा एक संदेश त्या यादीत कायमचा असतो. तो प्रश्न नव्हेच. आज्ञा स्वीकारण्यासाठी आयएमएसने उघडे ठेवलेले ते दार आहे. आठवडेच्या आठवडे तो तेथे असतो, आणि तो नाहीसा झाला तरच काळजी करावयाची.

परंतु या यादीत जो प्रश्न आला असता अंगावर काटा उभा राहावा, तो 'आयएक्ससी ४०२ डी'. अनेक यंत्रणा एकत्र जोडून त्यांना सामाईक डिस्क दिलेल्या असतात, त्या जुळणीला सिसप्लेक्स म्हणतात. तीमधील प्रत्येक यंत्रणा ठरावीक अवधीने एका सामाईक दप्तरात आपल्या हयातीची वेळ नोंदवीत राहते. एकीची नोंद थांबली, आणि अशा प्रसंगाची तजवीज आगाऊ करून ठेवलेली नसली, तर उरलेल्या यंत्रणा ऑपरेटरला विचारतात: अमुक यंत्रणा अमुक वेळेनंतर हयात दिसत नाही, तिला रिसेट केल्यावर 'डाऊन' असे उत्तर द्या, अथवा पुन्हा केव्हा विचारावे ती मुदत द्या. 'रिसेट केल्यावर' या शब्दांत साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. जी यंत्रणा मेली असे वाटते ती केवळ स्तब्ध झालेली असू शकते, आणि तिच्या हातून सुरू झालेले लेखन अपुरे असू शकते. 'डाऊन' हे उत्तर मिळताच इतर यंत्रणा तिचे हक्क काढून घेतात, तिने अडवलेल्या नोंदी मोकळ्या करतात आणि त्यांवर आपले लेखन सुरू करतात. इतक्यात ती स्तब्ध यंत्रणा जागी झाली, तर ती आपले अर्धे राहिलेले लेखन त्याच नोंदींवर पुरे करील, आणि मग कोणाचा आकडा खरा हे सांगणे कोणालाच शक्य राहणार नाही.

एका महिनाअखेरीला हा प्रश्न आमच्या पडद्यावर आला. सारे व्यवहार खोळंबले होते, दूरध्वनीवर बँकेकडील माणसे तगादा लावीत होती, आणि आमच्यातील एक तरुण सहकारी शेवटी प्रमुखांना म्हणाला, "सर, देऊन टाकू का डाऊन? ती यंत्रणा गेलेलीच आहे." प्रमुखांनी विचारले, "रिसेट झाल्याचं तुम्ही पाहिलंत?" तो म्हणाला, "नाही, पण तिकडचे करतो म्हणालेत." "करतो म्हणालेत ना? मग झालं असं कळेपर्यंत थांबा." पलीकडच्या माणसाने हार्डवेअर कन्सोलवर रिसेट करून तसे स्पष्ट शब्दांत सांगितले, कोणत्या यंत्रणेचे केले तिचे नाव आम्ही त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले, आणि मगच ती चार अक्षरे टंकित झाली. कन्सोलवरील उत्तर ही कळफलकावरची क्रिया नसून न्यायासनासमोर दिलेली साक्ष आहे, आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कोणी कितीही घाई केली तरी द्यावयाची नसते, ही माझी श्रद्धा त्या रात्रीपासून अधिकच दृढ झाली.

संदेशांचा लोंढा लोटतो तेव्हाही हीच शिस्त कामी येते. एखादी डिस्क वेळेत प्रतिसाद देईनाशी झाली की प्रथम तिच्याविषयी 'आयओएस ०७१ आय' अशी एक ओळ येते, आणि पाठोपाठ तिच्यावर अवलंबून असलेले सारे एकदम तक्रारी करू लागतात, इतके की कधी कधी संदेश साठविण्याची जागा ८० टक्के भरली असे सांगणारा संदेशच वर येऊन बसतो. नजर साहजिकच सर्वांत खालच्या ओळीकडे जाते. मूळ कारण मात्र लॉगमध्ये मागे, त्या पहिल्या ओळीपाशी असते. म्हणून कोणालाही उत्तर देण्याआधी लॉगमध्ये वेळेच्या क्रमाने मागे जाऊन, गडबड सुरू होण्यापूर्वीची शेवटची शांत ओळ शोधावी, आणि तेथून पुढे वाचीत यावे.

आता बहुतेक संदेश माणसापर्यंत येतच नाहीत. कोणते पडद्यावर दाखवावयाचे नाहीत याची यादी यंत्रात असते. ते लॉगमध्ये उतरतात, पण दिसत नाहीत, आणि नित्याच्या प्रश्नांना स्वयंचलित प्रणाली परस्पर उत्तरे देते. जॉब सुरू झाला, जॉब संपला, असल्या ओळींचा मारा कमी झाल्यावाचून महत्त्वाची ओळ दिसणेच कठीण, हे मला पूर्णपणे मान्य आहे. माझी हरकत आहे ती कारण न नोंदविता केलेल्या मनाईला. कोणा एकाने, कोणा एका वर्षी, कोणत्या तरी त्रासाला कंटाळून एक ओळ पडद्याआड केली. तो माणूस गेला, त्रासही गेला, मनाई मात्र अमलात राहिली. स्पूलची जागा ८० टक्के व्यापली गेल्याची वर्दी देणारा संदेश अशा यादीत मी स्वतः पाहिला आहे. स्पूल पुरता भरला की कोणत्याही जॉबला आपले उत्पादन ठेवावयास जागा उरत नाही, आणि तोवर हातात जो थोडा अवधी असतो तो या एका वर्दीनेच मिळतो.

तेव्हापासून मी आमच्या यादीतील प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहावयास लावतो: हा संदेश कोणाच्या सांगण्यावरून लपविला, का लपविला, आणि तो आला असता माणसाऐवजी आता कोण पाहतो. तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आले नाही, तर ती नोंद काढून टाकावयाची आणि संदेश पुन्हा पडद्यावर येऊ द्यावयाचा. काम सावकाश चालते, कारण प्रत्येक नोंदीसाठी पाच-सहा जणांकडे शहानिशा करावी लागते. सध्या आम्ही टेपविषयीच्या संदेशांपर्यंत येऊन पोचलो आहोत.