पैसे देऊन बोटीवर

‘‘पैसे देऊन बोटीवर जायचं?’’ अब्बांनी एवढंच विचारलं आणि ते पुन्हा सुपारी कातरायला लागले.

आपल्या कोकणात खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांमध्ये बोटीवर गेलेला माणूस नाही, असं घर शोधावंच लागेल. कुणाचा बाप सारंग, कुणाचा चुलता तांडेल, कुणाचा मामा भंडारी. आमचे अब्बा १९६५ साली, एकविसाव्या वर्षी, खलाशी म्हणून मालवाहू बोटीवर चढले आणि १९९८ साली तांडेल होऊन उतरले. या तेहतीस वर्षांत ते घरी किती महिने होते, याचा हिशोब आम्ही तिघं भावंडं एकदा करायला बसलो होतो. पंधरा मिनिटांत आमचंच भांडण झालं आणि हिशोब तसाच राहिला.

तेव्हा अब्बांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण धाकटा सिअ‍ॅटलला नोकरीला आहे आणि त्याच्या डोक्यात एकदा घुसलं की निघत नाही. २०२३च्या जूनमध्ये सगळ्यांनी मिळून अलास्का पाहायचं. आधी पाच दिवस आपली आपण गाडी घेऊन आतला मुलूख फिरायचा आणि मग सात रात्रींची बोट पकडून व्हँकुव्हरला उतरायचं, असं त्यानं ठरवलंच. आपा, म्हणजे आमच्यातली थोरली, रत्नागिरीहून आली, मधला मुंब्र्याहून. व्हँकुव्हरचं नाव निघालं तेव्हा अब्बांनी अडकित्ता खाली ठेवला होता. आम्ही ते पाहिलं, पण त्यावर कुणी काही विचारलं नाही.

व्हिसाचं रामायण थोडक्यात सांगतो. परदेशी झेंड्याच्या बोटीनं अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडायची नाहीत, असा १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आहे. म्हणून ही बोट शेवटी कॅनडात जाते, आणि म्हणून आपल्या पासपोर्टवर दोन देशांचे व्हिसे लागतात. एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा कॅनडाचा व्हिसा निघायच्या सहा दिवस आधी हातात पडला. तोवर अब्बा सोडून सगळ्यांची झोप उडाली होती.

सिअ‍ॅटलहून विमानानं फेअरबँक्सला उतरलो. अलास्काच्या पार पोटात आहे हे गाव. १८६७ साली रशियानं हा सगळा मुलूख बहात्तर लाख डॉलर्सना अमेरिकेला विकला. घेणाऱ्याला तेव्हा लोक हसले होते म्हणे. गावाच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर आठशे मैलांची तेलवाहिनी रस्त्यालगत दिसते. १९७७ पासून तिच्यातून उत्तर किनाऱ्यावरचं तेल दक्षिणेला वाल्डेझ बंदरात येतं. अर्धीअधिक वाहिनी जमिनीवर खांबांच्या टेकूनं उभी केलेली आहे, कारण खालची जमीन बारमाही गोठलेली असते आणि तेल गरम. पाइप पुरला तर जमीनच वितळून खचायची. मधल्याला आणखी उत्तरेला, आर्क्टिक वृत्तापर्यंत जायचं होतं. पण तो रस्ता खडीचा आणि बहुतेक भाड्याच्या गाड्यांच्या करारात त्यावर जायला मनाई असते. तेव्हा डास मारत परत फिरलो. अलास्काच्या डासांसमोर आपले खाडीकाठचे डास सज्जन म्हणायचे.

पहिल्याच रात्री अडचण उभी राहिली. रात्र म्हणायची तरी कशाला? सूर्य साडेबारा वाजून गेल्यावर बुडाला आणि तीनच्या आसपास पुन्हा वर आला. मधे अंधार नाहीच, नुसता संधिप्रकाश. मगरिब केव्हा, इशा केव्हा आणि फजर केव्हा? धाकट्याच्या फोनमधलं एक वेळापत्रक एक सांगे, दुसरं दुसरंच. कुणी म्हणे, जवळच्या ज्या शहरात रात्र नीट होते तिथली वेळ धरा. कुणी म्हणे, मक्केची धरा. आमचा वाद चालू असताना अब्बांनी आपण शाफई आहोत आणि प्रवासात आहोत याची आठवण करून दिली, मगरिब-इशा एकत्र पढली आणि झोपून गेले.

पण त्याआधी किब्ल्यावरून खरी गंमत झाली. फोनमधला बाण सरळ उत्तर दाखवत होता, जरासा पश्चिमेकडे झुकलेला. जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या आपाला काही ते पटेना. तिचं म्हणणं, फोन बिघडलाय. अब्बांनी टेबलावरचं संत्रं उचललं. देठाकडे उत्तर ध्रुव धरला. एका अंगाला नखानं मक्का, जवळजवळ समोरच्या अंगाला फेअरबँक्स. नातीच्या केसांची रिबीन मागून घेतली आणि दोन खुणांमध्ये ताणून दाखवली. रिबीन देठावरूनच जात होती. ‘‘जवळचा रस्ता हा. ध्रुवावरून,’’ ते म्हणाले. जपान ते अमेरिका बोटी अशाच वर चढून मग खाली येतात, नकाशावर तो रस्ता वाकडा दिसतो पण सरळ तोच, हेही त्यांनी सांगितलं. चौथी शिकलेला माणूस! इतक्या वर्षांत त्यांनी आम्हांला यातलं काही सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं, हे तितकंच खरं.

तिथून दक्षिणेला सव्वाशे मैलांवर डेनाली नॅशनल पार्क. आत ब्याण्णव मैलांचा एकच रस्ता, आणि खासगी गाडी पहिल्या पंधरा मैलांपर्यंतच. पुढं त्यांची बस. तीही आम्ही गेलो तेव्हा त्रेचाळिसाव्या मैलावर थांबत होती, कारण २०२१च्या ऑगस्टमध्ये पुढचा डोंगर घसरून रस्ता बंद झाला होता. गोठलेली जमीन वितळते आहे, त्याचाच हा प्रकार. बसमध्ये नियम असा की जनावर दिसलं की ज्यानं पाहिलं त्यानं ओरडायचं. अब्बांना डोळ्याला डोळा लावून क्षितिज पाहायची सवय, त्यामुळे बसमधल्या गोऱ्या पोरांच्या आधी म्हाताराच बोट दाखवी. कॅरिबू त्यांनी दाखवली. डोंगराच्या कड्यावर पांढरे ठिपके दाखवले, ती रानमेंढरं निघाली. दुपारी एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन नदीच्या पात्रात मुळं उकरत होती. बस वीस मिनिटं उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. पिल्लं मागं राहिली की ती थांबायची.

पर्वत मात्र दोन दिवस ढगातच. वीस हजार तीनशे दहा फुटांचा हा डोंगर, उत्तर अमेरिकेतला सगळ्यांत उंच. येणाऱ्यांतल्या जेमतेम तिघांतल्या एकाला दिसतो म्हणतात. त्याच्या नावाचाही झगडाच आहे. तिथल्या मूळ लोकांचं डेनाली हे नाव सरकारनं २०१५ मध्ये अधिकृत केलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मॅकिन्ली करून टाकलं. पार्कचं नाव तेवढं डेनालीच राहिलं. आम्हांला तो दिसला तिसऱ्या दिवशी, अँकरेजच्या वाटेवर, आशा सोडल्यावर. एका वळणावर आपा ‘या अल्ला’ म्हणाली आणि मधल्यानं गाडी बाजूला घेतली. आम्ही ढग समजत होतो तो डोंगर होता. ढग त्याच्या कमरेला होते.

अँकरेजला गाडी देऊन टाकली आणि रेल्वेनं व्हिटिअर गाठलं. अडीच मैलांचा बोगदा, त्यात एकच मार्ग. आगगाडी आणि मोटारी आळीपाळीनं त्याच रुळांवरून जातात. बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर धक्क्याला बोट उभी, चाळीच्या चाळी एकमेकींवर रचाव्यात तशी.

अब्बा शिडीपाशी थांबले. आम्हांला वाटलं गुडघे दुखत असतील. ते दोरखंड पाहत होते. ‘‘नायलॉन,’’ म्हणाले. ‘‘आमच्या वेळी मनिला. भिजला की हात सोलायचा.’’ मग हळूच विचारलं, ‘‘आपण इथूनच चढायचं ना?’’ खलाशांची वाट वेगळी असते, आणि त्यांचे पाय त्या वाटेला जाऊ पाहत होते, हे आमच्या नंतर ध्यानात आलं.

सात दिवस त्यांनी स्वतःची चादर स्वतः घडी केली. केबिन साफ करणारा पोरगा गोव्याचा होता. तो हात जोडून म्हणाला, ‘‘बाबा, माझी नोकरी घालवाल.’’ दुसऱ्या दिवसापासून दोघांची गट्टी. त्याचा करार किती महिन्यांचा, घरी पैसे कसे जातात, बायको बाळंत केव्हा व्हायची आहे, सगळं अब्बांना ठाऊक. जेवणाचं आम्ही आधीच कळवून ठेवलं होतं. मासे आणि भाज्यांवर निभावलं. एका रात्री मुंबईकडच्या एका आचाऱ्यानं डाळ-भात पाठवला. बुफेमध्ये माणसं ताटं भरभरून टाकून देतात ते मात्र अब्बांना बघवेना.

ग्लेशियर बेमध्ये सकाळी पार्कचे रेंजर लहान होडीतून येऊन बोटीवर चढले आणि दिवसभर भोंग्यावरून माहिती देत राहिले. दिवसाला दोनच मोठ्या बोटी आत सोडतात. १७९४ साली इंग्रज दर्यावर्दी इथून गेले तेव्हा ही खाडी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज खाडी साठ-पासष्ट मैल आत गेली आहे. त्याच्याही आधी इथं ट्लिंगिट लोकांची गावं होती; बर्फ पुढं आला तशी ती उठली. मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर उभी राहिली. बर्फाचा कडा तुटतो तेव्हा आधी पडताना दिसतो, आवाज मागून येतो. नातवंडं फोन रोखून उभी होती. अब्बा कठड्याला दोन्ही हात धरून, कुणीतरी हुकूम देईल अशा बेतानं.

स्कॅगवे, जुनो, केचिकन ही बंदरं झाली. स्कॅगवेला १८९८च्या सोन्याच्या धावपळीच्या गोष्टी ऐकल्या, जुनोला बाहेरून एकही रस्ता येत नाही हे पाहिलं. केचिकनला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. काय पाऊस! तोच वास, तीच हिरवी बुरशी, लाकडी घरांना तसेच खांब. सामन मासे सुकवून धुरी देतात, तो वास आला आणि आपाला आमच्या गावचं अंगण आठवलं.

अंगण आठवलं की अम्मा आठवते. ती १९८४च्या सप्टेंबरमध्ये काविळीनं गेली. तेव्हा आपा चौदाची, मधला दहाचा, धाकटा सहाचा. अब्बा घरी आले पुढच्या मार्चमध्ये. ‘तार उशिरा पोचली,’ त्यांनी फुफीला सांगितलं, आणि तेच घरातलं उत्तर झालं. अलॉटमेंटचे पैसे दर महिन्याला येत राहिले. आपाची शाळा वर्षभर सुटली. आमच्यापैकी कुणीही त्यांना कधी काही विचारलं नाही. पण राग होता. मोठे झालो, आम्हांला मुलं झाली, तरी होता.

शेवटच्या रात्री अब्बा झोपलेच नाहीत. पहाटे साडेचारला त्यांनी आम्हां तिघांना उठवलं आणि डेकवर नेलं. बोट व्हँकुव्हरच्या तोंडाशी आली होती. इंग्लिश बेमध्ये मालाच्या बोटी नांगर टाकून उभ्या होत्या, धक्क्याची वाट बघत.

‘‘तिथं. त्या तिसऱ्या बोटीच्या जागी,’’ ते म्हणाले. ‘‘आठ दिवस उभे होतो. गंधक भरायचं होतं.’’

आम्ही काही बोललो नाही.

‘‘तार उशिरा नाही आली. जपानहून निघालो होतो, तिसऱ्याच दिवशी रेडिओवर आली. इथं पोचल्यावर कप्तान म्हणाला, साइन ऑफ कर, विमानानं जा. मी नको म्हटलं. दफन झालं होतं. करार मोडला असता तर मुंबईला पुन्हा नंबर लागायला दोन वर्षं बसावं लागलं असतं. तुम्ही तिघं होतात.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तारेवर ढकललं.’’

मग त्यांनी सांगितलं, इथंच हॅचवर सगळ्या खलाशांनी मिळून अम्माची गायबाना जनाज्याची नमाज पढली. सारंग पुढं उभा राहिला. पाऊस होता.

मधला कठड्यापासून दूर जाऊन उभा राहिला. धाकट्याला ते दिवस आठवतही नाहीत, तोच रडत होता. आपानं बराच वेळ पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘त्या दिवशी जेवला होतात का?’’

‘‘भंडाऱ्यानं पेज केली होती,’’ अब्बा म्हणाले.

लायन्स गेट पुलाखालून बोट गेली तेव्हा डाव्या हाताला गंधकाचे पिवळे ढीग दिसले, उन्हात चमकणारे. आपानं अब्बांचा मफलर नीट केला. धाकट्याची मुलगी शोधत वर आली, बॅगा कुणी भरायच्या म्हणून ओरडत.

खाली कॅनडाच्या ऑफिसरपुढं रांग होती. त्यानं अब्बांचा पासपोर्ट चाळला आणि विचारलं, कॅनडात पहिल्यांदाच का? धाकटा ‘हो’ म्हणणार होता. अब्बांना प्रश्न कळला होता. ते म्हणाले, ‘‘नो.’’