चोवीस जूनचं सुतक

आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात माणूस गेला की लाकडं जमवायच्या आधी फ्लेक्सवाल्याला फोन जातो. मधे मयताचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि कडेनं शोकाकुलांची रांग. गॉगल लावलेले शोकाकुलही त्यात असतात. तेरावा उरकला की तो फ्लेक्स कुणाच्या तरी पडवीला पावसाची झड अडवायला लागतो. इथल्या दुःखाचा हिशेब एरवी असा, तेरा दिवसांत मिटणारा.

एका माणसाच्या बाबतीत तो मिटला नाही. 24 जून 2013 ला पनवेलमध्ये दि. बा. पाटील यांचं निधन झालं. जासईत 1926 साली जन्मलेला हा मुलगा वकील झाला, 1957 ला आमदार झाला, एकूण पाच वेळा विधानसभेत, दोनदा लोकसभेत, आणि विधानसभेत विरोधी पक्षनेताही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलचं नगराध्यक्षपद त्यांच्याकडे होतं.    पण जासईत त्यांना नगराध्यक्ष म्हणून कुणी आठवत नाही. खासदार म्हणूनही फारसं नाही. दिबा, एवढंच. पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांचे दिबा.

याचं कारण 1984 च्या जानेवारीत आहे. 1970 साली नवी मुंबई उभारायला सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणची 95 गावं कागदावर एका नव्या शहरात गेली. कागदावर 'संपादित क्षेत्र' असं लिहिलं, पण त्यात काय काय होतं! भाताची खाचरं, मिठागरं, खाडीच्या तोंडाची उघाडी, भरतीबरोबर आत येणारी जिताडी, चिखलात सळसळणारे निवटे, चिंबोऱ्यांची बिळं. यातल्या कशालाही सातबाऱ्यावर रकाना नव्हता. सरकार एकरी 27 हजार म्हणत होतं, दिबा 40 हजारांवर अडून होते, आणि पैशांबरोबर विकसित जमिनीत वाटा मागत होते. 16 जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला. चिर्ल्याचे नामदेव घरत आणि धुतूमचे रघुनाथ ठाकूर गेले. दुसऱ्या दिवशी पागोट्याचे महादेव पाटील, केशव पाटील आणि कमळाकर तांडेल. पाच माणसं, दोन दिवसांत. त्याच वर्षाच्या अखेरीला इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत देशभर विरोधक वाहून गेले, तेव्हा कुलाबा मतदारसंघानं दिबांना लोकसभेत पाठवलं. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली.

माणूस गेला तर सुतक धरता येतं. शेत गेलं तर कोण दहावं घालणार? भरपाईच्या चेकला कावळा शिवत नाही. आम्हा आगऱ्यांच्या एका पिढीनं जमीन गेल्यावर गाडी घेतली, बंगला बांधला, हळदीला मांडव मोठा घातला, आणि लोक म्हणाले की आगऱ्यांना पैसा चढला. चढला असेलही. मला मात्र वाटतं, रडायला जागा न सापडलेली ती माणसं होती. दिबा गेले आणि ती जागा मिळाली. पनवेलच्या 'संग्राम'मध्ये, त्यांच्या घरी, जे लोक आले, ते एका पुढाऱ्यासाठी आले होते हे खरं. पण त्यांच्या रडण्यात मिठागरंही होती, बांधावरची ताडाची झाडंही. जासईतल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला नंतर सांगितलं, "आमचा मानूस व्हता तो. आमच्या रानाचा शेवटचा मानूस." 1999 ला शेतकरी कामगार पक्ष सोडून दिबा शिवसेनेत गेले, तेव्हा हीच बाई त्यांच्यावर वर्षभर रुसली होती म्हणे. मग आपसूकच बोलायला लागली. घरचा माणूस चुकीच्या दारात गेला म्हणून परका होत नाही.

बाकीच्यांच्या फ्लेक्सचं व्हायचं ते झालं, दिबांचा फोटो मात्र वर चढत गेला. नवी मुंबईचा विमानतळ आला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, गावं उठवली. सिडकोनं 2021 ला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव सुचवलं आणि दिबांच्या नावासाठी हा सगळा पट्टा पेटला. 10 जूनला मानवी साखळी, आणि 24 जूनला, नेमक्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोला घेराव. करोनाच्या दिवसांत, तोंडाला मास्क लावून, कोळी टोप्या आणि नऊवारी लुगडी रस्त्यावर उतरली. पुण्यतिथी म्हणजे हार आणि भजन, ही रीत त्या दिवशी मोडली. पुढच्या वर्षी एक सरकार जाता जाता दिबांच्या नावाचा ठराव करून गेलं आणि दुसऱ्यानं येताच तोच पुन्हा केला. मेलेल्या माणसाला दोन्हीकडून मान मिळायचे योग कमीच. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हाही त्या नावावर दिल्लीची मोहोर उमटायची होती.

मी या नावाच्या बाजूनं आहे. पण नाव हे दुःखाचं सोयीचं रूप आहे, सरकारलाही आणि आम्हालाही. विमानतळावर अक्षरं लावायला खर्च कितीसा? गावठाणाबाहेर वाढत्या कुटुंबानं गरजेपोटी बांधलेली घरं कायम करायची म्हटली की फाइल जड होते. ती रुसणारी बाई यावर डोकं खाते: "दिबांचा नाव लागंल. माझा घर माझ्या नावावर कदी व्हनार?" तिला उत्तर द्यायला व्यासपीठावरचं कुणी तयार नसतं. ते हार घालतात, छायाचित्रकाराकडे बघतात आणि पुढच्या कार्यक्रमाला निघतात.

गेल्या 24 जूनला दास्तान फाट्याकडे मिरवणूक निघाली होती. पाऊस, चिखल, बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर-ट्रेलरची दोन्ही बाजूंना रांग. रस्ता अडला म्हणून एका राजस्थानी ड्रायव्हरनं काच खाली करून स्वयंसेवकाला विचारलं, "कौन गुजर गया, भाई?"

"हमारे साहब."

"कब?"

"2013 में."

ड्रायव्हर हसायला लागला. पोराला राग आला नाही. तो पायरीवर चढला, खिडकीत कोपर टेकलं आणि 1984 पासून सांगायला लागला. मागचे ट्रेलर हॉर्न वाजवत होते, वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत होता, आणि पोरगा अजून पागोट्यापर्यंतही पोचला नव्हता.